डोंगळा : थंडीत फुलणाऱ्या दोन कंदांची गोष्ट

मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिक सोडले की सुमारे तीस किलोमीटरवर पिंपळगाव बसवंत लागते. द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा यांच्या बाजारासाठी निफाड तालुक्यातले हे गाव सर्वांना माहीत आहे. जानेवारी-फेब्रुवारीत या भागातून जाताना एखाद्या वावरात कांद्याच्या पातीतून मांडीइतके, कधी कमरेइतके उंच पोकळ दांडे वर आलेले दिसतात. प्रत्येकाच्या टोकाला पांढऱ्या बारीक फुलांचा चेंडूसारखा गोंडा असतो. हे पीक बियाण्यासाठी मुद्दाम लावलेले असते. त्याला डोंगळे म्हणतात. शेजारच्या वावरात बाजारासाठी लावलेल्या कांद्यात असाच दांडा दिसला, की मात्र मालकाच्या कपाळाला आठी पडते. तिथे त्याचे नाव डेंगळा. ज्या कांद्यातून तो निघतो त्याच्या मधोमध कडक दांडा राहतो, असा कांदा टिकत नाही, आणि बाजारात त्याला भावही मिळत नाही.

डोंगळा काय आणि डेंगळा काय, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकच : कांद्याचा फुलोरा. एका वावरात तो यावा म्हणून खटपट, दुसऱ्यात तो येऊ नये म्हणून. तेव्हा कंदाला फूल येते तरी कधी आणि कशामुळे, हा प्रश्न नाशिकच्या शेतकऱ्यासाठी पोटाचा प्रश्न आहे. गंमत अशी, की याच प्रश्नाचा पाठपुरावा युरोपात दीडदोनशे वर्षे केवळ हौसेपोटी झाला आणि तो कांद्याच्या एका नातेवाइकावर झाला. त्याचे नाव ॲमरिलिस. आपल्या बागांतून त्याला नुसते 'लिली' म्हणतात. मोठा गोल कंद, पट्ट्यासारखी पाने आणि मार्च ते मेच्या सुमारास जाड पोकळ दांड्यावर येणारी, कर्ण्याच्या आकाराची दोन-चार लाल किंवा केशरी फुले, अशी ही ओळखीची वनस्पती. युरोप-अमेरिकेत बाहेर बर्फ पडत असताना घरात, खिडकीशी ठेवलेल्या कुंडीत, नाताळच्या दिवसांत हे फूल फुलवण्याची प्रथा आहे.

कांदा आणि ॲमरिलिस यांचे नाते आधी पाहू, कारण त्यालाही इतिहास आहे. आपल्याकडे वर्गात पिढ्यानपिढ्या शिकवले गेले, की कांदा लिलिएसी कुलातला आणि ॲमरिलिस ॲमरिलिडेसी कुलातले. फरक कशात? लिलिएसीत अंडाशय फुलाच्या इतर भागांच्या वर असतो, ॲमरिलिडेसीत खाली. बेंथम आणि हूकर यांच्या वर्गीकरणाचा हा निकष. मराठी विश्वकोशात लिलिएसीला 'पलांडू कुल' असे नाव आहे, आणि पलांडू म्हणजे कांदाच. १९३४ मध्ये जॉन हचिन्सन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने वेगळा विचार मांडला. त्याचे म्हणणे असे, की अंडाशय वर की खाली यापेक्षा फुलोरा कसा आहे याला अधिक महत्त्व द्यावे. कांदा आणि ॲमरिलिस या दोघांचाही फुलोरा पानरहित दांड्याच्या टोकावर एका जागेतून निघतो आणि उमलण्यापूर्वी तो एका पातळ आवरणात गुंडाळलेला असतो. म्हणून त्याने कांद्याला उचलून ॲमरिलिडेसीत बसवले. पुष्कळांना हे पटले नाही. पुढे डीएनएच्या तुलनेवर आधारलेले वर्गीकरण आले, आणि २००९ साली त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत कांदा, लसूण आणि ॲमरिलिस यांना एकाच कुलात, ॲमरिलिडेसीत, स्थान मिळाले. म्हणजे पलांडू कुलाला ज्याने नाव दिले तो पलांडूच त्या घरातून बाहेर पडला! हचिन्सनची सगळीच मते टिकली नाहीत, पण हे टिकले. वर्गात कांद्याचा गोंडा आणि लिलीचा दांडा शेजारी शेजारी ठेवून मुलांना विचारावे : यांत सारखे काय? हचिन्सनने जे पाहिले ते चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनाही दिसते.

आता ॲमरिलिसकडे वळू. हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिले. व्हर्जिल या रोमन कवीच्या काव्यातील एका गोपकन्येचे हे नाव. आज शास्त्रीय भाषेत ते दक्षिण आफ्रिकेतील एका वेगळ्या वनस्पतीसाठी राखलेले आहे. कुंडीतल्या ॲमरिलिसचे मूळ घर दक्षिण अमेरिका आणि तिचे शास्त्रीय नाव हिप्पिॲस्ट्रम, म्हणजे घोडेस्वाराचा तारा. या नावावरून झालेला वाद १९८७ च्या बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेपर्यंत चालला. माळ्यांनी आणि दुकानदारांनी त्याची फारशी दखल घेतली नाही, तेव्हा आपणही घेऊ नये.

दक्षिण अमेरिकेतून अठराव्या शतकात हे कंद इंग्लंडला पोहोचले. १७९९ च्या सुमारास लँकेशर परगण्यातील प्रेस्कॉट गावच्या आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीने दोन जातींचा संकर केला : एक लाल फुलांची, दुसरी पांढऱ्यावर तांबड्या रेघा असलेली. त्यातून लाल पाकळीवर मधोमध पांढरा पट्टा असलेले फूल निघाले. माणसाने घडवलेला हा पहिला ॲमरिलिस संकर मानतात. पेशाने घड्याळ दुरुस्त करणारा हा माणूस शास्त्रज्ञ नव्हता. संकराचे नियम सांगणारा मेंडेल त्या वेळी जन्मलाही नव्हता. जॉन्सनचा हा लाल-पांढरा वाण अजून जगभर बागांतून टिकून आहे.

हिप्पिॲस्ट्रम हे नाव १८२१ मध्ये देणारा विल्यम हर्बर्ट हा धर्मोपदेशक होता आणि कंदांचा नादीही. १८३७ मध्ये त्याने या कुलावर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्याला त्याच्याबद्दल आपुलकी वाटायला आणखी एक कारण आहे. महाबळेश्वरच्या परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर पांढरी सुवासिक फुले देणारी, आज दुर्मीळ झालेली एक जंगली कंदवनस्पती आहे. आपल्या नागदवण्याची ती जवळची बहीण. तिचे क्रायनम ब्रॅकिनेमा हे नाव १८४२ मध्ये याच हर्बर्टने दिले. तेव्हा हे कुल सह्याद्रीला परके नाही.

महाबळेश्वरच्या या वनस्पतीवरून कंदाचे मूळ कामही लक्षात येते. कंद म्हणजे वाईट ऋतू जमिनीखाली काढण्याची सोय. खाली चपटे, बशीसारखे खोड, त्यावर एकात एक बसलेले पानांचे जाड तळ, त्यांत साठवलेले अन्न आणि पाणी, आणि मधोमध कोंब. सह्याद्रीतल्या कंदाला कोरडे महिने काढायचे असतात. पाऊस आला की तो जागा होतो. ब्राझील आणि अँडीजच्या परिसरातील हिप्पिॲस्ट्रमचेही बरेचसे असेच : त्याचा वाईट ऋतू कोरडा आहे, गोठवणारा नाही. कांद्याची गोष्ट निराळी. त्याचे मूळ घर मध्य आशियातल्या डोंगराळ प्रदेशात, इराण, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान या पट्ट्यात मानतात. तिथे उन्हाळा रखरखीत आणि हिवाळा कडक. तिथला कंद उन्हाळ्यात झोपतो, हिवाळ्याची थंडी अंगावर घेतो आणि वसंतात फुलतो. ही दोन घरे लक्षात ठेवली, की पुढचे सारे समजायला सोपे जाते.

पण हे समजले कसे? कंदाच्या आत डोकावून. हॉलंडमध्ये वागेनिंगेन येथे अँटन हेंड्रिक ब्लाऊ हा वनस्पतिशास्त्रज्ञ १९२० नंतर ट्यूलिप आणि हायसिंथ यांच्या कंदांवर काम करत होता. कंदांचा व्यापार हा त्या देशाचा मोठा धंदा, त्यामुळे कोणत्या तापमानात कंद ठेवला म्हणजे फूल केव्हा येईल, याला पैशाचे मोल होते. ब्लाऊची रीत साधी आणि चिकाटीची : ठरावीक दिवसांच्या अंतराने कंद कापायचे, मधला वाढबिंदू भिंगाखाली पाहायचा आणि चित्र काढायचे. पाने घडत आहेत की फूल घडत आहे, हे अशा चित्रांच्या मालिकेतून उलगडत गेले. १९३१ मध्ये त्याने हिप्पिॲस्ट्रमवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि ते मोठे मजेदार निघाले.

हिप्पिॲस्ट्रमचा वाढबिंदू साधारणपणे चार पाने तयार करतो आणि मग एक फुलोरा, पुन्हा चार पाने, पुन्हा एक फुलोरा. हा क्रम थंडीची किंवा दिवसाच्या लांबीची वाट न पाहता चालूच राहतो. चांगल्या पोसलेल्या कंदात एकाच वेळी निरनिराळ्या वयांचे फुलोरे असतात. आज जे फूल उमलते त्याची सुरुवात वर्षभराहून आधी झालेली असते. म्हणजे नाताळात खिडकीशी फुलणारे फूल हे गेल्या हंगामातल्या पानांच्या कमाईतून आधीच घडून कंदात बसलेले असते. माळी फक्त त्याला वर यायला लावतो. आठ-दहा आठवडे पाणी तोडून, साधारण १३ अंश सेल्सिअसच्या आसपास कंद विश्रांतीला ठेवायचा आणि मग ऊब व पाणी द्यायचे. सहा ते आठ आठवड्यांत फूल येते. दक्षिण गोलार्धात वाढवलेले कंद तर उत्तरेतल्या हिवाळ्यासाठी अधिकच सोयीचे, कारण त्यांची विश्रांती आधीच उरकलेली असते. दक्षिण आफ्रिका आणि ब्राझीलमधून असे कंद उत्तरेकडे जातात.

बाजारातून आणलेला कांदा उभा कापून पाहा. कितीही शोधले तरी त्यात फूल सापडणार नाही. काढणीच्या वेळी कांद्याच्या वाढबिंदूशी फक्त पानांचे अंकुर असतात. फूल घडायला त्याला थंडी लागते, सुमारे ८ ते १२ अंश तापमान, आणि तेही काही आठवडे. शिवाय रोप किंवा कंद पुरेसा मोठा झालेला हवा. कोवळ्या रोपाला कितीही थंडी लागली तरी ते फुलत नाही. माणसाच्या भाषेत सांगायचे तर, कांदा वयात आल्याशिवाय थंडीचा निरोप त्याला कळतच नाही.

कांद्याचे दुसरे पंचांगही आहे. कंद कधी पोसायचा, हे तो थंडीवरून नव्हे तर मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. अमेरिकेत गार्नर आणि ॲलर्ड यांनी १९२० मध्ये वनस्पतींवर दिवसाच्या लांबीचा होणारा परिणाम दाखवून दिला, आणि लवकरच कांद्यावरही तो पडताळून पाहिला. उत्तर युरोपातल्या कांद्याला कंद धरायला १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. पिंपळगाव साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा आणि सर्वांत लहान ११ तासांच्या आतबाहेर. तिकडचे बियाणे इथे पेरले तर नुसती पात वाढत राहील. उलट आपला कांदा ११-१२ तासांच्या दिवसातही कंद धरतो. भूगोलाच्या शिक्षकांनी अक्षांशाचा पाठ शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. त्याचा अर्थ असा, की चांगला कांदा परदेशातून आणून लावण्याची सोय नव्हती. तो इथल्याच कांद्यातून निवडून काढावा लागणार होता.

भारतात कांद्याच्या वाणसुधारणेचे पद्धतशीर काम सुरू झाले ते १९६० च्या सुमारास आणि पिंपळगाव बसवंत येथे. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतले काम त्यानंतरचे. निफाडच्या नावाने ओळखला जाणारा एन-५३ हा खरिपाचा वाण नाशिककडच्या स्थानिक कांद्यातून याच सुमारास निवडला गेला. पिंपळगावात एन-२-४-१ हा रब्बीचा, साठवणुकीत पाच-सहा महिने टिकणारा वाण तयार झाला. १९६८ मध्ये राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे काम त्याच्याकडे आले. पुढे खरिपासाठी बसवंत-७८० हा वाण निघाला. गावाचे अर्धे नाव असे बियाण्याच्या पिशवीवर देशभर गेले. एन-२-४-१ सारखे आकडे पाहून आकडेमोडीचा भास होतो, पण अशा नावांत बहुधा निवडीच्या पायऱ्या दडलेल्या असतात : कोणत्या कांद्याच्या संततीतला कोणता, आणि त्याच्या संततीतला पुन्हा कोणता.

ही निवड म्हणजे काय, ते पाहण्यासारखे आहे. रब्बीचा कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. त्यातले एकसारख्या आकाराचे, हव्या त्या रंगाचे, बारीक मानेचे कांदे निवडायचे. जोड कांदे, जाड मानेचे, डेंगळे आलेले बाजूला काढायचे. निवडलेले कांदे चाळीत ठेवायचे. इथे उन्हाळा उपयोगी पडतो. कांदा शून्याच्या आसपास जसा झोपून राहतो तसाच २५ ते ३० अंशांच्या वरही बराचसा झोपून राहतो. मधल्या, सुखद वाटणाऱ्या तापमानात मात्र त्याला लवकर कोंब येतात. चाळीत चार-पाच महिन्यांत जो सडला, सुकला किंवा कोंबारला तो आपोआप बाद होतो. उरलेले कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचे. डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी पडते. त्या तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले नीचांकी तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकते, आणि ते कित्येकदा ५ अंशांच्या आसपास असते. मध्य आशियाच्या मानाने ही थंडी किरकोळच, पण कांद्याला जुन्या घराची आठवण करून द्यायला ती पुरते. दांडे वर येतात, फुलांवर मधमाश्या जमतात, आणि एप्रिल-मेमध्ये काळे बी हातात पडते. बियापासून बियापर्यंत असे दीड वर्ष जाते. एक पिढी पाहायला इतका काळ, मग दहा पिढ्यांना किती? संशोधन केंद्रातल्या माणसांच्या नोकऱ्या एकेका वाणात संपत असणार. खरिपाच्या कांद्याचे मात्र वर्षात भागते, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघालेला कांदा लगेच पुन्हा लावता येतो.

कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे परागीभवन बहुतांशी दुसऱ्या फुलाच्या परागाने होते. मधमाशी वावराचा बांध पाहत नाही. म्हणून पायाभूत बियाण्यासाठी दोन वाणांत किमान एक किलोमीटर अंतर ठेवावे लागते. फुलोऱ्याच्या दिवसांत कीटकनाशक फवारले तर माश्या जातात आणि गोंडे पोकळ राहतात. हे बी साध्या हवेत ठेवले तर वर्षभरातच त्याची उगवण घसरते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या साठ्यावर विसंबता येत नाही. फुलोऱ्यावर गारपीट झाली की पुढच्या हंगामात उळे, म्हणजे कांद्याचे बी, महाग होणारच.

आणि इथेच खरी मेख आहे. उळे महाग झाले की बाजाराच्या कांद्यात आपसूक आलेल्या डेंगळ्यांचे बी धरून ठेवण्याचा मोह होतो. ते फुकट असते, दिसायला तसेच काळेभोर, आणि उगवतेही चांगले. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेल्या रांगड्या कांद्यात डेंगळे अधिक येतात, कारण थंडी पडते तेव्हा तो नेमका वयात आलेला असतो. पण त्यातही सगळेच कांदे फुलत नाहीत. त्याच वावरात, त्याच थंडीत काही फुलतात आणि बाकीचे कंद पोसत राहतात. जे घाईने फुलले त्यांच्यात काही अंशी तो उपजत गुण आहे. त्यांचेच बी पेरले तर पुढच्या पिकात घाई करणारे वाढतात, त्याच्या पुढच्यात आणखी. दहा वर्षांची निवड दोन-तीन हंगामांत उलट्या दिशेला जाऊ लागते. डार्विनने कृत्रिम निवडीबद्दल जे लिहिले ते सांगायला पाळीव कबुतरांपर्यंत जायची गरज नाही. माणूस जाणूनबुजून निवड करतो तशी नकळतही करतो.

ॲमरिलिसच्या हौशी माळ्याने नेमके उलटे केले. जो लवकर, भरघोस आणि घरातल्या उबेत बिनतक्रार फुलेल तो कंद त्याने ठेवला. कांदेवाल्याला हवा होता थोपवून धरणारा कंद : खाण्याच्या पिकात न फुलणारा, चाळीत न कोंबणारा, आणि मुद्दाम लावल्यावर मात्र वेळेवर गोंडा देणारा. माझ्या मते दुसरे काम कितीतरी अवघड होते, आणि त्याचे कौतुक फारच कमी झाले. संग्रहात रंगीत चित्रे ॲमरिलिसचीच आढळतात.

अमेरिकेत कांद्याची वाट वेगळी वळली. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथे हेन्री जोन्स यांना लाल कांद्याचे एक असे झाड सापडले, की ज्याच्या फुलांत चांगले पराग नव्हते. त्याला बी धरले नाही, पण गोंड्यात बारीक कंदिका आल्या. त्या लावून ते झाड जिवंत ठेवता आले, आणि पुढे संकरित कांद्याचा सारा डोलारा त्यावर उभा राहिला. भारतात संकरित वाण निघाले आहेत, पण आपल्या कांद्याचा बहुतांश पसारा अजून सरळ वाणांवरच आहे. त्यामुळे शेतकऱ्याला स्वतःचे बी धरता येते, आणि म्हणूनच ते कोणत्या फुलाचे धरायचे हे त्याला ठाऊक असणे महत्त्वाचे ठरते.

ज्या शाळांत लिलीच्या कुंड्या आहेत त्यांना ब्लाऊचा प्रयोग सोप्या रूपात करता येईल. मुठीहून मोठा कंद निवडावा. ऑगस्टअखेर कुंडी पावसाच्या आडोशाला घेऊन पाणी कमी करत बंद करावे. पाने पिवळी पडून वाळतील. कंद आठ-दहा आठवडे कोरड्या सावलीत ठेवून नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, त्याच्यापेक्षा दोनच बोटे रुंद अशा कुंडीत, वरचा अर्धा भाग मातीबाहेर राहील असा लावावा. कळीचे टोक दिसेपर्यंत बेताचे पाणी द्यावे. कुंडी दक्षिणेच्या खिडकीशी, रात्री खोलीत ठेवावी. नाशिककडच्या थंडीत थोडे अधिक दिवस लागतात, तरी जानेवारीत फूल अपेक्षित आहे. शेजारच्या कुंडीत त्याच दिवशी एक कांदा लावून ती मात्र रात्रंदिवस उघड्यावर ठेवावी, आणि दोघांच्या दांड्यांची उंची दर आठवड्याला मोजून वहीत मांडावी. एक काळजी घ्यावी : लिलीच्या कंदात लायकोरीन नावाचे विषारी द्रव्य असते आणि ते पोटात गेले तर उलट्या होतात. कापलेला कंद कांद्यासारखाच दिसतो, म्हणून तो मुलांच्या डब्यांपासून दूर ठेवावा आणि हात साबणाने धुवावेत. फूल सुकल्यावर दांडा कापावा, पाने मात्र पुढच्या ऑगस्टपर्यंत तशीच राहू द्यावीत. नंतरच्या हिवाळ्यांतली फुले त्यांच्याच तळाशी घडत असतात.